वहिनींच्या हातचा दिवा

"घर म्हणजे भिंती नव्हेत! घर म्हणजे उजेड!" खांबरावांनी जाहीर केलं. "आमचं नवीन घर बघाल तर डोळे दिपतील तुमचे!"

समोरची मंडळी मान वर करून ऐकत होती. खांबराव बोलायला लागले की सगळ्यांनाच मान वर करावी लागे, कारण त्यांची उंची! दारातून आत येताना ते आधी वाकत आणि मग नमस्कार करत, त्यामुळे नवख्या माणसाला आपला फार मान राखला गेल्यासारखं वाटे. नाटकमंडळीत त्यांना आधी नुसतंच खांब म्हणत, वय वाढलं तसं पुढे राव लागलं. खरं नाव फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक, आणि ती तर 'अहो' म्हणते!

धंदा नेपथ्याचा. म्हणजे रंगमंचावर राजवाडे, तुरुंग, दवाखाने, जे म्हणाल ते उभं करायचं. पुढून बघाल तर संगमरवर, मागून बघाल तर फळकुटं, खिळे आणि गोणपाट. "मागे कोण बघतोय? समोरून दिसतं तेवढंच खरं!" हे त्यांचं ब्रीद. स्वतःच्या बाबतीतही तेच. कपाळावरचा केसांचा झुबका रोज सकाळी आरशासमोर असा काही बसवत, की बघणारा खालून बघतच राही.

तर या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी घरं बांधली आणि स्वतः राहिला भाड्याच्या एका खोलीत. त्या खोलीची एक गंमत होती. गंमत आपल्याला, वहिनींना नव्हे! वहिनी म्हणजे खांबरावांच्या सौभाग्यवती. मंडळातले सगळे त्यांना वहिनी म्हणत, आपणही तेच म्हणू. उंचीने त्या खांबरावांच्या कोपराला लागत. लग्नातल्या फोटोत त्यांना खोक्यावर उभं केलं होतं, तरी फोटो दोन मजली आला.

खोलीत दिवा एकच, मधोमध लोंबणारा. आणि त्याचं बटण खोलीत नव्हतंच! ते होतं शेजारी मालकीणबाईंच्या बोळात. जुन्या काळी त्यांच्या यजमानांनी आपल्या हाताने तारा ओढल्या होत्या, आणि भाडेकरूच्या हाती बटण द्यायचं म्हणजे तिजोरीची किल्ली द्यायची, असा त्यांचा हिशेब. बाईंना अंधारलं असं वाटलं की इकडे उजेड. बाईंचं जेवण झालं की इकडे काळोख!

"मालकीणबाई, एवढी शिवण संपू द्या हो!" वहिनी भिंतीवर थाप मारून ओरडत.

"सकाळी शिवा! सकाळ फुकट असते!"

खटक्! की झालं.

त्यामुळे सगळा संसार त्या एका दिव्याखाली गोळा झालेला. शिवणयंत्र तिथेच, खाट तिथेच, निवडायची ताटं तिथेच, खांबरावांची करवतही तिथेच. कडेकडेने खोली पुष्कळ होती, पण तिथे उजेड पोचत नसे, म्हणून माणसंही पोचत नसत. खोली सोडताना एका कोपऱ्यातून वहिनींची हरवलेली चप्पल निघाली, तेव्हा कुठे त्यांना कळलं की इथे कोपरा होता!

नवीन घर घ्यायचं ठरलं, तेव्हा खांबरावांनी मोठ्या ऐटीत विचारलं, "सांग, काय काय हवं तुला?"

वहिनी म्हणाल्या, "मला एक दिवा हवा. जो मी माझ्या हाताने लावीन आणि माझ्या हाताने बंद करीन. बाकी काही नको."

"एकच? अगं वेडे, भिंती भरून लावतो! तू फक्त काम होईपर्यंत दादांकडे जाऊन राहा. आलीस की बघशील!"

दादा म्हणजे वहिनींचे थोरले भाऊ. आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले. त्यांचा खांबरावांवर तसा काही राग नव्हता, नुसता अविश्वास होता. पूर्वी एकदा नाटक बघायला आले असता ते कौतुकाने आत रंगमंचावर गेले आणि राजवाड्याच्या खांबाला जरा टेकले. राजवाडा पडला! राजा खाली, दादा वर. तेव्हापासून ते बहिणीला एकच वाक्य ऐकवत, "चिमे, तुझ्या नवऱ्याच्या हातून एक गोष्ट खरी उभी राहिलेली मला दाखव, मी मिशा काढीन!"

वहिनी हसून सोडून देत. पण आतून त्यांना वाटे, की दादांनी एकदा यावं, आपण दिमाखात दिवा लावावा आणि दादांनी बघावं. एवढंच. फार मोठं मागणं होतं का हो?

वहिनी गेल्या दादांकडे. इकडे नव्या घरात वायरमन आला.

"साहेब, बटणांचे बोर्ड किती उंचीवर घ्यायचे?"

खांबराव भिंतीपाशी उभे राहिले. हात सहज, अगदी सहज उचलला आणि खडूने फुली मारली. "इथे! हाताशी!"

वायरमनने टाचा उंचावल्या. मग खोक्यावर चढला. मग म्हणाला, "साहेब, जरा वर नाही होत?"

"वर? अरे माझ्या हाताशी आहे! आणि खाली लावली तर पुढे कपाट येतं, सोफा येतो. पहिल्या रांगेतल्या माणसाला बटण दिसलं पाहिजे की नाही?"

"कसली रांग?"

"ते तुला नाही कळायचं!"

त्यांचीही चूक समजून घ्या मंडळी. खांबरावांनी जन्मभर भिंतींवर बटणं लावली, पण सगळी लाकडाची! रंगमंचावरचा नट नुसता हात वर करतो, बटण दाबल्यासारखं दाखवतो आणि विंगेत बसलेला प्रकाशवाला खरा दिवा लावतो. त्यामुळे बटण ही दिसण्याची वस्तू आहे, दाबण्याची नव्हे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ते बटण दाबणारी व्यक्ती त्यांच्या कोपराएवढी आहे, हा विचार मनाला शिवलाच नाही. पंख्याच्या बाबतीत मात्र अक्कल शाबूत होती. पंखा आपल्या डोक्याला लागू नये म्हणून त्यांनी स्वतः खाली उभं राहून, झुबका सांभाळून, बोटभर जागा राखून घेतली.

खुर्च्याही तशाच! सगळ्या एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून. बसणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं तर माना वळवायच्या, आणि समोर कोरी भिंत. प्रेक्षक कुठे बसणार, हे खांबरावांनी आधी ठरवलं होतं. माणसं कुठे बसणार, ते राहून गेलं!

भिंतींचा रंग तेवढा वहिनींनी निवडून ठेवला होता. ताज्या लोण्यासारखा. "माझ्या भिंतीवर ओरखडा दिसला तर याद राखा!" असा निरोपही पाठवला होता.

वहिनी आल्या. दारातच थांबल्या. संध्याकाळ झालेली, आत काळोख. खांबराव बाजूला झाले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "या बाईसाहेब! लावा दिवा!"

वहिनींनी हात वर केला. मग टाचा वर केल्या. मग एक उडी मारली. मग दुसरी. बोटं आणि बटण यांच्यामध्ये चांगलं वीतभर लोणी राहिलं.

"अहो."

"काय गं?"

"हे कुणासाठी लावलंत?"

खांबरावांनी बटणाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पुन्हा बटणाकडे बघितलं. आणि मग त्यांचा चेहरा असा पडला, की वहिनींना रागवावं की समजूत घालावी तेच कळेना.

"स्टूल!" खांबराव ओरडले. "स्टूल ठेवू खाली! त्यात काय एवढं?"

मग काय विचारता! प्रत्येक बोर्डाखाली एक स्टूल आलं. नाटकाच्या गोदामातून आणलेली स्टुलं, एक दरबारी, एक दवाखान्याचं, एक चहाच्या टपरीचं. न्हाणीघराबाहेर तर चक्क सिंहासनाची पायरी! घरात माणसं दोन आणि स्टुलं शाळाभर. आणि खरी मेख पुढेच होती. दिवा लावायला स्टूल हवं, आणि अंधारात स्टूल शोधायला दिवा हवा! वहिनींच्या नडग्यांवर पहिल्याच आठवड्यात अशी निळीजांभळी नक्षी उमटली, की खांबरावांना बघवेना.

वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "पाइप आतून गेलेत साहेब. बटणं खाली आणायची म्हणजे भिंती फोडायच्या."

"भिंतींना हात लावायचा नाही!" वहिनी आतून ओरडल्या.

"मग दोऱ्या बांधतो बटणांना," खांबराव म्हणाले.

"घर आहे की गलबत? काही नको! मी उडी मारीन!"

आणि नेमका त्याच वेळी दादांचा फोन. "चिमे, रविवारी संध्याकाळी मी आणि तुझी वहिनी घर बघायला येतोय. बघू दे जावईबापूंनी काय उभारलंय ते!"

फोन ठेवून वहिनी पाटावर बसल्या. "आता दादांसमोर मी उड्या मारू? ते म्हणतील, घर घेतलंस का कुस्तीचा आखाडा?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "एकच दिवा मागितला होता हो मी."

खांबरावांच्या काळजात चर्र झालं. त्यांचं बायकोवर प्रेम होतं, अगदी मनापासून होतं. पण मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाच्या डोक्यातून जशा भलत्या युक्त्या निघतात तशा दुश्मनाच्याही निघत नाहीत! ते तडक नाट्यगृहात गेले आणि काजव्याला गाठलं.

काजवा म्हणजे मंडळाचा प्रकाशवाला. जन्म विंगेत गेलेला. उन्हात आला की डोळे मिचकावतो.

"काजव्या, तुझी मदत हवी. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात लपायचं. बैठकीचा दिवा आधीच चालू करून ठेवतो आणि आत मीटरपाशी मुख्य खटका आहे तो पाडून ठेवतो. तू पडद्याच्या फटीतून बघायचं. वहिनींनी हात वर केला की खटका वर! पुन्हा हात वर केला की खटका खाली!"

"म्हणजे प्रयोगच की!"

"प्रयोगच. पण वहिनींना कळू द्यायचं नाही."

"का?"

"कारण... तिला वाटू दे रे, की दिवा तिच्या हाताने लागला."

काजवा विरघळला. तो फार हळवा होता. करुण प्रवेशाला स्वतःच रडायचा आणि मग दिसेनासं होऊन भलताच दिवा लावायचा.

घरी येऊन खांबरावांनी बायकोला ठोकून दिलं. "नवीन यंत्र बसवून घेतलंय! बटण दाबायलाच नको. बटणाच्या दिशेने नुसता हात वर करायचा, दिवा लागतो. मात्र रविवारी संध्याकाळी चालू होईल."

"खरंच?" वहिनींनी विचारलं.

"अगदी!" खांबराव म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले.

रविवार उजाडला, मावळायलाही आला. वहिनी अंगणात फुलांची कुंडी ठेवायला गेल्या तेवढ्यात काजवा मागच्या दाराने आत शिरला. खांबरावांनी त्याला बिस्किटांची बशी दिली, म्हणजे तोंड बंद राहील. तेवढ्यात दारात दादा! मागे त्यांच्या सौभाग्यवती, सगळे त्यांना माई म्हणतात. दादांनी आल्याआल्या चौकटीला टेकून बघितलं. चौकट पडली नाही. दादा जरा हिरमुसले.

"आत या, पण थांबा," वहिनी म्हणाल्या. "दिवा मी लावते."

अंधाऱ्या खोलीत त्या दोन पावलं पुढे गेल्या. त्यांनी बटणाकडे बघून हळूच हात वर केला.

लख्ख!

खोलीभर लोण्याच्या रंगाचा उजेड सांडला. आणि वहिनींचा चेहरा काय सांगू तुम्हाला! त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, उलटा करून, सुलटा करून. मग दादांकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? माझ्या हाताने!"

दादा बटण निरखायला पुढे झाले. "न शिवता? चिमे, हे असलं मी पुलावरसुद्धा बघितलं नाही!"

खांबरावांनी झुबका सावरला. इथवर सगळं बेताप्रमाणे झालं. आणि इथून बेत हातचा गेला.

कारण दादांना एक सवय होती, आणि खांबराव ती साफ विसरले होते. दादा हातवारे केल्याशिवाय बोलूच शकत नसत! पुलावर हाताखालच्या माणसांना लांबून हुकूम सोडायचे, ती सवय जिभेऐवजी खांद्यात बसलेली.

"मी म्हणतो," दादांनी हात वर केला, "हे घर..."

अंधार!

"अरेच्चा! गेले काय दिवे?" दादांनी दुसरा हात वर केला. लख्ख!

"कमाल आहे! म्हणजे माझाही हात ओळखतं?" हात वर. अंधार. हात वर. लख्ख. दादा लहान मुलासारखे खिदळायला लागले. "माई, तू करून बघ!"

माईंनी अंबाडा चाचपायला हात नेला. अंधार! दचकून दुसरा हात नेला. लख्ख! "अगं बाई, मला भोवळ यायला लागली! अंबाडा सुटला तरी हात लावायची चोरी झाली!"

पडद्यामागे काजव्याला घाम फुटला. हात कुणाचा, कुठला, किती वर, काही कळेना. बिचारा दिसेल त्या हाताला खटका मारत होता. खांबरावांनी त्याला खुणेने 'पुरे' म्हणून सांगायला हात उचलला. अंधार! 'अरे, लाव' म्हणून पुन्हा उचलला. लख्ख!

"माझं ऐका," खांबराव घाईघाईने म्हणाले, "सगळ्यांनी हात मांडीवर ठेवून बसूया!"

चौघंही ओळीतल्या खुर्च्यांवर बसले, मांडीवर हात ठेवून, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत. फोटो काढायला बसल्यासारखे. मग दादांनी खांबरावांकडे मान वळवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "आज मी शब्द मागे घेतो. तुमच्या हातून खरं काही उभं राहत नाही, असं मी म्हणत आलो. पण तुम्ही माझ्या बहिणीच्या हातात उजेड दिलात. ती पोर शिवण अर्धवट टाकून अंधारात बसायची, हे मला कळायचं हो, मी बोलायचो नाही. आज माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं."

किती सुंदर बोलले! माईंनी डोळे टिपले. वहिनींनी नवऱ्याकडे असं बघितलं, की खांबरावांना खुर्चीतल्या खुर्चीत वितळून जावंसं वाटलं. आणि पडद्यामागे काजव्याला हुंदका आवरेना. इतका हृद्य प्रवेश, इतकं नेमकं शेवटचं वाक्य! अशा वाक्यानंतर प्रकाशवाला काय करतो? जन्मभर करत आलाय तेच करतो!

गुडुप्प अंधार.

आणि स्वयंपाकघरातून रडवेला आवाज, "पडदा!"

"कोण आहे आत?" दादा गरजले आणि उठले. उठले ते दरबारी स्टुलावर! तिथून दवाखान्याच्या स्टुलावर, तिथून टपरीच्या! माई "चोर, चोर!" करत सिंहासनाच्या पायरीवर चढल्या. दादांनी पडताना हाताला लागेल ते धरलं. हाताला लागला स्वयंपाकघराचा पडदा. तो दांडीसकट खाली आला, आणि धडपड ऐकून काजव्याला वाटलं, आता मंडळी प्रेक्षकांना नमस्कार करणार. त्याने खटका वर केला.

लख्ख!

एका हातात खटका, दुसऱ्या हातात बशी, गालांवर आसवं आणि मिशांना बिस्किटांचा चुरा, असा काजवा सगळ्यांना दिसला. त्यानेही सगळ्यांना बघितलं आणि सवयीने वाकून नमस्कार केला.

दादा पडद्यात गुंडाळलेले बसले होते. काय झालं ते त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं, आणि त्यांना असं काही हसू फुटलं की पडदा गदगदायला लागला. "म्हणजे इथेही विंग! जावईबापू, धन्य आहे तुमची! राजवाडा काय आणि घर काय, टेकलं की पडलं!"

माई हसल्या. काजवा हसला. खांबरावांनीही हसायचा प्रयत्न केला.

वहिनी हसल्या नाहीत. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या.

"तिकडे मालकीणबाई होत्या," त्या सावकाश म्हणाल्या, "इकडे काजवाभावजी. माझा दिवा मी कधी लावायचा हो?"

सगळ्यांचं हसू जागच्या जागी विझलं. काजव्याने बशी खाली ठेवली.

"अगं, दादांसमोर तुझी मान खाली जाऊ नये म्हणून..." खांबराव पुटपुटले.

"मला खोटं सांगितलंत. आणि मला खरं वाटलं, याचंच वाईट वाटतंय. हात किती वेळा उलटासुलटा करून बघितला मी!" एवढं बोलून वहिनी उठल्या, टपरीचं स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि बटण दाबून दिवा बंद केला. अंधारात माई म्हणाल्या, "चला, निघू या," आणि दाराऐवजी कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भाजी आणायला गेल्या, रागाने दुपारपर्यंत बाहेरच राहिल्या आणि परतल्या तर दारात हातगाडी उभी. आतून हातोडीचे आवाज. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि त्या बघतच राहिल्या. बैठकीची जमीन वर आली होती!

त्याचं असं झालं. खांबरावांना अख्खी रात्र झोप लागली नव्हती. बटणं खाली आणता येत नाहीत, भिंती फोडता येत नाहीत, बायकोची उंची वाढवता येत नाही. उरली कोण? जमीन! आणि रंगमंचावर जमीन वर उचलणं हा तर त्यांच्या डाव्या हातचा मळ. फक्त या खेपेस फळकुटं आणि गोणपाट नव्हतं. चांगलं जाडजूड लाकूड, तासलेलं, पॉलिश केलेलं, एकेक सांधा पाचर मारून बसवलेला. मागून बघा, पुढून बघा, खालून बघा, सारखंच! एका कडेला चढायला पायरी आणि तिला धरायला कठडा. खुर्च्याही बदलल्या होत्या, आता त्या एकमेकींकडे तोंड करून बसल्या होत्या. शिवणयंत्र बटणाच्या बाजूलाच आलं होतं.

आणि जमीन सपाट बसलीय का ते बघायला लाकडाच्या कडेला पाणसळ लावून एक डोळा मिटून कोण बसलं होतं? दादा!

"पहाटे आलाय हा माणूस माझ्या दारात," दादा म्हणाले. "म्हणाला, पूल बांधता तसं बांधायचंय, शिकवा. आता कुणी बोलू नका." ते उठले, पायरी चढले आणि मधोमध उभं राहून त्यांनी दणादण उड्या मारल्या. काही हललं नाही. कठड्याला टेकले. पडला नाही. ढकलला. तरी पडला नाही! दादांनी खाली बघत आपल्या मिशांवरून हळूच हात फिरवला. "चिमे, जरा वस्तरा असेल का घरात?"

"मिशा राहू दे," वहिनी म्हणाल्या. पण आवाज मऊ झाला होता.

मग त्या पायरी चढल्या. भिंतीपाशी गेल्या. हात वर केला. टाचा जमिनीवरच राहिल्या. पडद्यामागे कुणी नव्हतं, हे त्यांनी आधी मान वळवून बघून घेतलं, मग बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं.

खटक्!

दिवसाढवळ्या दिवा लागला. वहिनींनी तो बंद केला. लावला. बंद केला. पुन्हा लावला. दादा खिडकीबाहेर काहीतरी बघण्यासारखं आहे असं दाखवत डोळे पुसत होते.

"अहो, तुम्ही का खाली उभे?" वहिनी म्हणाल्या. "या की वर! आपलंच घर आहे."

खांबराव आनंदाने वर चढले आणि ठण्ण! पंखा! नशीब की तो बंद होता. काम करताना सारा वेळ गुडघ्यांवर बसलेल्या खांबरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं, की बोटभर राखलेली जागा जमिनीने केव्हाच गिळली होती.

"लागलं का हो?"

"छे, छे!" खांबराव कळवळून म्हणाले आणि खाली वाकले. ते वाकलेलेच राहिले, कारण दुसरा इलाजच नव्हता. आणि तसं वाकल्यावर त्यांचं तोंड वहिनींच्या तोंडासमोर आलं. थेट समोर, वर नाही, खाली नाही. एवढा संसार झाला, पण चांगल्या उजेडात दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत असं सरळ बघितल्याचं काही दोघांनाही आठवेना.

"चुकलो गं," खांबराव म्हणाले.

"चुकलातच," वहिनी म्हणाल्या. "पण किती मन लावून चुकता हो तुम्ही!"

खांबराव लाजले. लाजून त्यांनी मान आणखी खाली घातली. त्यांचा माथा दिव्याच्या बरोब्बर खाली आला आणि वहिनी एकदम किंचाळल्या.

"अहो! हे काय?"

"काय?"

"तुम्हाला टक्कल आहे!"

खांबरावांनी झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकलं, पण वेळ निघून गेली होती. पुढचा झुबका जागेवर होता. त्याच्या मागे मात्र अख्खं मैदान, गुळगुळीत आणि चकचकीत! दादाही पायरी चढून बघायला आले. "जावईबापू, इथेही पुढून राजवाडा आणि मागे..."

"दिवा बंद कर गं!" खांबराव केविलवाणे होऊन म्हणाले. "आधी तो दिवा बंद कर!"

वहिनींनी बटणाकडे नेलेलं बोट मागे घेतलं, हाताची घडी घातली आणि खुदकन हसल्या.

"नाही करत जा. तो माझ्या हातात आहे."